केशवराजाचं पाणी

दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला लागलं की सहा-सात किलोमीटरवर आसूद येतं. दाबकेवाडीतून खाली उतरलं की डांबर संपतं आणि जांभ्याची पाखाडी सुरू होते. दोन्ही अंगांना पोफळी, माड, मध्येच एखादी जायफळ. भर दुपारी इथं तिन्हीसांजेचा उजेड असतो. तळाशी नदी, तिच्यावर पूल, आणि पलीकडे दम काढणारा चढ. केशवराजाचं देऊळ अगदी वर पोचेपर्यंत दिसत नाही.

माझी आजी, आमची माई, लग्न होऊन या बागेत आली तेव्हा पूल नव्हता. पोफळीच्या खोडांचा साकव असायचा; पावसात वाहून जायचा, दिवाळीआधी पुन्हा घालायचे. ती आली भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं. बोट हर्णैला धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही. होडीतून किनारा गाठायचा. "शालू गुडघ्यापर्यंत भिजला, आणि तशीच बैलगाडीत बसले," हे ती मोठ्या ऐटीत सांगे.

आजोबांचं सांगणं वेगळ्या वळणाचं. विष्णूच्या चार हातांत चार आयुधं. ती अदलून बदलून चोवीस प्रकारे धरता येतात, आणि संध्येतली चोवीस नावं तीच. पहिलं नाव केशव. उजव्या खालच्या हातात पद्म, वरच्यात शंख. डाव्या वरच्या हातात चक्र, खालच्यात गदा. "आधी त्याचे हात वाच रे मेल्या, मग आपले जोड," असं म्हणत ते आम्हा पोरांना गाभाऱ्यासमोर उभं करत. पुढे कुठल्याही देवळात गेलो तरी माझी नजर आधी मूर्तीच्या हातांकडे जाते.

देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं गावात सांगतात. कोकणातल्या बहुतेक जुन्या देवळांना पांडवांची एकेक रात्र मिळालेली आहे. बिचाऱ्यांना वनवासात झोप अशी नव्हतीच! माईला मात्र त्या रात्रीपेक्षा अंगणातल्या गोमुखाचं कौतुक अधिक. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून तिथं येतं, बारमाही. ना रहाट, ना पंप. वरचा जांभा सच्छिद्र, पावसाळाभर पाणी पीत राहतो. खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी आडवं सरकतं आणि उतारावर फुटतं. माईला हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. पाटाला कोणाची पाळी कधी, कोणी रात्री बांध फोडून पाणी वळवलं, त्यावरून दोन घरांत किती वर्षं अबोला होता, हे तिला तोंडपाठ. गावाचा इतिहास म्हणून मला पांडवांपेक्षा हा अबोला जास्त भरवशाचा वाटतो.

श्री. ना. पेंडसे शेजारच्या मुर्डीचे. त्यांची 'गारंबीचा बापू' ही कादंबरी १९५२ साली आली आणि हा परिसर महाराष्ट्रभर ठाऊक झाला. १९८० मध्ये काशिनाथ घाणेकरांचा चित्रपटही निघाला. माईला बापू-राधेचं प्रकरण पसंत नव्हतं. "पण बागा बरोबर लिहिल्यान हो," एवढं प्रशस्तिपत्र तिनं दिलं होतं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोलीच्या किनारपट्टीतल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या पोफळी एकमेकींवर पडल्या, पाट खोडांखाली गाडला गेला. माई तोवर गेली होती, हे बरंच झालं म्हणायचं. चुलतभावानं नवी रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं तरी जातात. त्याच्या मुलाचं म्हणणं, आता पाट कशाला, पाइप टाकू. बापलेकांचा हा वाद मी गेलो तेव्हाही चालू होता. भाऊ फावड्यानं पाटातला पाला ओढत म्हणाला, "पाइपात पाला अडकला तर कुठं अडकला ते कळत नाही. इथं दिसतो."

मुलानं ऐकून घेतलं, आणि पाइपाचा भाव विचारायला दापोलीला गेला.