झ्विकाऊच्या दोन गाड्या

१ ऑक्टोबर १९९४ रोजी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर शर्यतीच्या दोन चंदेरी गाड्या लोकांसमोर आल्या. दोन्ही ऑटो युनियन कंपनीच्या ‘टाइप डी’ जातीच्या. या जातीची गाडी शेवटची शर्यत धावली ती १९३९ मध्ये. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे या गाड्या जगाच्या लेखी नाहीशाच होत्या. त्या शोधून काढल्या त्या कंपनीने नव्हे, सरकारनेही नव्हे. पॉल कारासिक नावाचा अमेरिकेतला एक संग्राहक आणि त्याची पत्नी बार्बारा यांनी आपल्या हौसेपोटी अनेक वर्षे हा पाठलाग केला.

या गाड्यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे साहसकथेच्या वळणाने जाते. गोष्ट आहेही तशीच. पण माझ्या मते या दोन गाड्यांचे खरे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांच्याबाबत काय सिद्ध करता येते आणि ते कशाच्या आधारे, हे नीट वेगळे करून पाहिले तर जुनी गाडी पुन्हा उभी करणे हे इतिहास लिहिण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे, हे लख्ख दिसते.

गाडी जुनी असली की आपल्याकडे पहिल्यांदा आरसी बुक मागतात. चेसिस नंबर, इंजिन नंबर, नोंदणीची तारीख, मालकाचे नाव हे सगळे त्यात सापडते. शर्यतीच्या गाडीला असा कागद नसतो. ती कंपनीची मालमत्ता. हिवाळ्यात ती पूर्ण उघडली जाते आणि हंगामात एका सांगाड्यातले इंजिन दुसऱ्यात जाते. पत्रा वाकला तर तो सरळ करत बसण्यापेक्षा नवा लावतात. त्यामुळे अमुक शर्यत याच गाडीने जिंकली असे म्हणायचे तर चालकाचे नाव आणि अंगावर रंगवलेला क्रमांक पुरत नाही. त्या दिवशी कोणता सांगाडा आणि कोणते इंजिन धावले, याची नोंद लागते.

ऑटो युनियनच्या बाबतीत कागद मुळीच उरले नाहीत असे नाही. २९ जून १९३२ रोजी ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्ख आणि वाँडरर या सॅक्सनीतल्या चार कंपन्या एकत्र आल्या. ऑडीवरची चार कडी ही त्या चौघांची. या कंपनीचे दप्तर आज केम्नित्स इथल्या राज्य अभिलेखागारात आहे. शर्यतीचा विभाग मात्र केम्नित्सला नव्हता. तो झ्विकाऊला, हॉर्खच्या कारखान्यात होता. तिथे फर्डिनांड पोर्शे यांच्या आराखड्यावरून सोळा सिलिंडरची गाडी तयार झाली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. त्या काळी शर्यतीच्या गाडीचे इंजिन पुढे असायचे, हे लक्षात घेतले म्हणजे या मांडणीचे धाडस कळते.

१९३८ मध्ये नियम बदलले. सुपरचार्जर लावलेल्या इंजिनाला ३ लीटरची मर्यादा आली आणि सोळा सिलिंडरची ती ६ लीटरची यंत्रे एका रात्रीत निकामी ठरली. त्याच वर्षी २८ जानेवारीला कंपनीचा सर्वांत तेजस्वी चालक बेर्न्ड रोझमायर फ्रँकफर्ट–डार्मश्टाट महामार्गावर वेगाचा विक्रम करताना मरण पावला. अशा वेळी रोबेर्ट एबेरान फोन एबेरहोर्स्ट यांच्या हाताखाली टाइप डी घडली. बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन रांगा, त्यांच्यामधला कोन ६० अंशांचा. या इंजिनात तीन कॅमशाफ्ट आहेत. मधला एकच दोन्ही रांगांचे इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि बाहेरचे दोन आपापल्या रांगेचे एक्झॉस्ट सांभाळतात. १९३८ मध्ये त्यावर एक सुपरचार्जर होता. १९३९ मध्ये दोन टप्प्यांचा आला आणि ताकद ४८५ अश्वशक्तीच्या घरात गेली. इंधनाच्या टाक्या चालकाच्या दोन्ही बाजूंना गेल्या आणि त्यामुळे चालकाची बैठक आधीच्या गाड्यांपेक्षा मागे सरकली.

हे सारे तपशील पक्के आहेत. शर्यतींचे निकालही पक्के आहेत. ताझिओ नुव्होलारीने सप्टेंबर १९३८ मध्ये मोंझा जिंकले आणि २२ ऑक्टोबरला इंग्लंडमधले डोनिंग्टन. हेर्मान म्युलरने जुलै १९३९ मध्ये रैम्सला फ्रेंच ग्राँ प्री जिंकली. शेवटची शर्यत ३ सप्टेंबर १९३९ ची, बेलग्रेडची. ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले तोच हा दिवस. कालेमेग्दान किल्ल्याभोवतीच्या रस्त्यांवर पाचच गाड्या सुटल्या आणि नुव्होलारी पहिला आला.

त्या दिवसाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मर्सिडीजचा चालक फोन ब्राउखिच सकाळीच विमानतळावर पळून गेला होता आणि संघप्रमुख आल्फ्रेड न्यूबाउअर यांनी त्याला विमानातून उतरवून आणले. ही हकीकत न्यूबाउअर यांच्या आठवणींतून आली, आणि त्या युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिल्या गेल्या. निकालपत्रक आणि आठवणी यांच्यात तेवढाच फरक करावा लागतो जेवढा आपल्याकडे अस्सल पत्र आणि बखर यांच्यात करतात. बखर फेकून द्यायची नसते. पण तारीख आणि माणूस ठरवताना तिच्या भरवशावर राहायचे नसते.

एप्रिल १९४५ मध्ये झ्विकाऊत आधी अमेरिकन सैन्य शिरले. ठरलेल्या हद्दींप्रमाणे जुलैच्या सुरुवातीला ते मागे गेले आणि सोव्हिएत सैन्य आले. शर्यतीच्या गाड्या झ्विकाऊ परिसरात खाणीच्या आवारात लपवून ठेवल्या होत्या. त्या सापडल्या आणि युद्धाची भरपाई म्हणून पूर्वेला गेल्या. सोव्हिएत संघात त्या अभ्यासासाठी संशोधन संस्थांना आणि मोटार कारखान्यांना वाटून देण्यात आल्या. खास अल्कोहोलमिश्रित इंधनावर चालणारे, मिनिटाला सात हजार फेरे घेणारे इंजिन सुट्या भागांशिवाय फार काळ चालत नाही. एकदा उघडून पाहिल्यावर या गाड्यांचा तिथे उपयोग उरला नाही. बहुतेक भंगारात गेल्या.

इकडे केम्नित्सची ऑटो युनियन १९४८ मध्ये व्यापार नोंदवहीतून काढून टाकण्यात आली. १९४९ मध्ये बव्हेरियातल्या इंगोलश्टाटला त्याच नावाची नवी कंपनी उभी राहिली. तीच पुढे आजची ऑडी झाली. या कंपनीकडे नाव होते, चार कडी होती, मात्र त्या गाड्या नव्हत्या. पश्चिमेकडे उरली होती ती म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममधली एक सोळा सिलिंडरची गाडी. सोव्हिएत बाजूला एक गाडी मॉस्कोच्या झिल कारखान्यात होती. १९७६ मध्ये ती भंगारात निघायच्या बेतात असताना रीगाच्या व्हिक्टर्स कुल्बेर्ग्स यांनी वाचवली आणि रीगाला नेली. पुढे कारासिक यांच्या दोन गाड्यांचे काम झाले त्याच इंग्लिश कार्यशाळेत या गाडीचेही काम झाले. मूळ गाडी ऑडीकडे गेली आणि रीगाला हुबेहूब प्रतिकृती मिळाली.

कारासिक दांपत्य ऐंशीच्या दशकात शोधाला लागले. सोव्हिएत संघात खाजगी परदेशी माणसाने कारखान्यांच्या मागच्या आवारात काय पडले आहे याची चौकशी करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्या दशकाच्या शेवटी त्यांना दोन गाड्यांचे अवशेष मिळाले. मी मुद्दाम अवशेष म्हणतो आहे. सांगाड्याचे आणि यंत्राचे भाग होते, वरचा पत्रा नव्हता. लोखंडी पडदा उठत असताना हा सगळा ऐवज त्यांनी पश्चिमेकडे आणला आणि अखेर फ्लोरिडाला नेला.

१९९० मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या बक्स्टेड गावच्या क्रॉस्थवेट अँड गार्डिनर या कार्यशाळेशी संपर्क साधला. अॅल्युमिनियमचे बाह्यांग रॉड जॉली यांच्या कार्यशाळेने घडवले. ऑडीच्या इतिहास विभागानेही मदत केली. इंजिनाच्या बाबतीत लोखंड स्वतःच पुष्कळ सांगते. जुना भाग समोर असला की झीज कुठे आहे, माप काय, धातू कोणता, हे तपासता येते, आणि तुटलेल्या भागाच्या जागी नवा घडवताना शेजारचा जुना भाग साक्षीला असतो. पत्र्याचे तसे नाही. तिथे हाताशी छायाचित्रेच होती.

छायाचित्रावरून माप काढणे हे धीराचे काम असते. चाकाचा व्यास माहीत असला तर बाजूने घेतलेल्या फोटोवरून लांबी-उंची बांधता येते. पण फोटो तिरका असेल तर तीच आकृती फसवते, आणि बोनेटचा फुगवटा किंवा मागच्या निमुळत्या भागाची गोलाई एका फोटोत दिसतच नाही. त्यासाठी वेगवेगळ्या बाजूंचे फोटो एकमेकांशी ताडून पाहावे लागतात, तेही एकाच हंगामातले. कारण टाइप डीचे बाह्यांग १९३८ च्या हंगामातही बदलत गेले होते. जूनचा फोटो आणि ऑक्टोबरचा फोटो एकत्र केले तर जी गाडी तयार होईल ती कधीच अस्तित्वात नव्हती.

यातूनच या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय पुढे आला. गाडी कोणत्या क्षणाची करायची? कारासिक यांच्या दोन गाड्या दोन वेगळ्या वर्षांच्या म्हणून उभ्या केल्या गेल्या. १९९३ मध्ये आधी तयार झाली ती १९३८ च्या रूपात, एका सुपरचार्जरची. पुढच्या वर्षी पुरी झाली ती १९३९ च्या रूपात, दोन टप्प्यांची. मला हा निर्णय अतिशय योग्य वाटतो. दोन सारख्या गाड्या करून जोडी जमवण्यापेक्षा एका यंत्राची दोन वये शेजारी ठेवणे अभ्यासकाच्या फार कामाचे. सुपरचार्जर एकाचे दोन झाल्याने नळ्या कुठून वळल्या, कार्बुरेटर कुठे गेले, मागचा भाग किती भरला, हे पुस्तकातल्या चार पानांनी कळत नाही तितके दोन इंजिने उघडी समोर असली की कळते.

पण हा निर्णय घेतला की त्याची नोंदही ठेवावी लागते. या गाडीचे रूप १९३८ चे आहे, एवढ्याने ती अमुक शर्यतीत धावलेलीच गाडी ठरत नाही. नेमकी इथेच पुढे अडचण आली. फेब्रुवारी २००७ मध्ये पॅरिसला क्रिस्टीज या लिलावगृहाने कारासिक यांनी शोधलेली एक टाइप डी लिलावाला आणली. किंमत १ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास जाईल असा अंदाज होता. लिलावाच्या तोंडावर तिच्या सांगितलेल्या शर्यतींच्या इतिहासाबद्दल शंका निघाल्या. अधिक तपासासाठी विक्री थांबवली गेली आणि अखेर गाडी मागे घेण्यात आली.

गाडी खोटी होती असे यात कुठेही नाही. प्रश्न फक्त ओळखीचा होता. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक आणि शर्यतीच्या कागदातला क्रमांक यांची सांगड बसली तर ती गाडी विजयाची साक्षीदार, नाहीतर त्याच कारखान्याची, त्याच हातांनी घडलेली तिची बहीण. माझ्या दृष्टीने दोहोंचे मोल फार वेगळे नाही. बाजाराच्या दृष्टीने ते प्रचंड वेगळे असते. म्हणूनच जुन्या गाड्यांच्या जगात विजयाच्या कथा पुराव्याच्या पुढे धावतात, आणि म्हणूनच लिलावगृहाने तो दिवस वाया घालवून तपास केला हे चांगलेच झाले.

हा काटेकोरपणा आणखी एका कारणासाठी लागतो. ज्या इंग्लिश कार्यशाळेने या दोन गाड्या जोडल्या, तिनेच पुढे ऑटो युनियनच्या गाड्यांच्या संपूर्ण प्रतिकृतीही घडवल्या. त्या उत्तम आहेत, चालतात आणि समारंभांत धावतातही. दहा पावलांवरून जुनी कोणती आणि नवी कोणती हे सांगता येत नाही. फरक कळतो तो पत्र्याखाली, सांगाड्याच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या ओतीव भागांत. त्यामुळे कोणता तुकडा झ्विकाऊचा आणि कोणता बक्स्टेडचा याची यादी गाडीसोबत असणे आवश्यक ठरते. नाहीतर आणखी पन्नास वर्षांनी अभ्यास करणाऱ्याला पत्र्याच्या जोडावरून १९३८ च्या कारागिरीविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो जोड १९९० नंतरचा आहे.

ऑडीने या जोडीतली एक गाडी आधीच मिळवली होती. दोन सुपरचार्जरची दुसरी तिने २०१२ मध्ये विकत घेतली. रीगाहून आलेली गाडी धरून तिन्ही आता ऑडीच्या संग्रहात आहेत. कंपनी त्या चालत्या स्थितीत ठेवते. अधूनमधून दोन टाइप डींपैकी एखादी सुरू केली जाते तेव्हा बारा सिलिंडरांच्या आवाजात मधला तो एक कॅमशाफ्ट दोन्ही रांगांचे इनलेट व्हॉल्व्ह उघडत असतो, एबेरान फोन एबेरहोर्स्ट यांच्या आराखड्यात होते तसेच.