डागाळलेला आरसा

आमच्या मेहुण्याने हॉटेल काढायचे ठरवले. हॉटेल म्हणजे आपले नेहमीचे, ज्यात कोणी राहत नाही ते. मी बँकेत असल्यामुळे कर्जाचा विषय निघाला की नातेवाइकांना माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागते. त्याचा खर्चाचा कागद वाचताना 'सजावट : जुना इराणी लूक' या ओळीपुढचा आकडा पाहून माझा चष्मा घसरला.

"भावोजी, आरसे मुद्दाम डागाळलेले घ्यावे लागतात. नव्यापेक्षा महाग पडतात!"

आता मी पडलो बी. कॉम. खऱ्या मुंबईच्या इराण्याचा डिझायनर म्हणजे त्याची जमाखर्चाची वही, हे मला ठाऊक. कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून बाकीचे दुकानदार नाके मुरडत, असे सांगतात. इराण्याने ती घेतली आणि दोन रस्त्यांचा वारा, उजेड आणि गिऱ्हाईक पदरात पाडून घेतले. आरशांनी जागा दुप्पट दिसे, शिवाय गल्ल्यावरून न हलता मागच्या टेबलावर लक्ष राही. संगमरवर एका फडक्यात साफ. त्या वाकवलेल्या लाकडी खुर्चीचे घराणे व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचे, साल १८५९. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट! सुट्या केल्या की छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत. आमच्या लोकलचीच आठवण व्हावी.

उरल्या पाट्या. त्यांत बिल देण्याखेरीज बहुतेक सगळ्याला मनाई असे. अशाच एका पाटीवरून निसिम इझिकेल यांनी १९७२ साली इंग्रजीत चक्क कविता केली.

आणि २०१० साली लंडनमध्ये 'दिशूम' उघडले, ते याच जुन्या इराण्याच्या धर्तीवर मुद्दाम सजवून! काटकसर परदेशी गेली की तिची कला होते.

कॉलेजात असताना आम्ही चौघे दोन चहांवर तीन-तीन तास इराण्याकडे बसत असू. गल्ल्यावरचे म्हातारेबुवा आरशातून आमच्याकडे पाहत. पण 'उठा' कधी म्हणाले नाहीत. एके दिवशी शटर खाली आले ते आलेच. आम्ही हळहळलो. मग रात्री मी सवयीने हिशेब मांडला : चार खुर्च्या, तीन तास, दोन चहा. उत्तर आले आणि मी कागद फाडून टाकला. ते हॉटेल बुडवणाऱ्यांच्या यादीत आमची चार नावे वरच होती. म्हाताऱ्याच्या वहीत न बसणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि आम्हाला नेमकी तीच आवडत होती.

मी मेहुण्याला विचारले, "एका चहावर एखादा पोरगा तीन तास बसला तर चालेल ना रे?"

"छे हो भावोजी! तासाला दोनदा टेबल रिकामे व्हायला हवे."

मी साधा क्लार्क. कर्ज मंजूर करणे माझ्या हातात नाही. वीस वर्षांच्या नोकरीत त्याचे समाधान मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.