निवृत्तांचा आवाज

सेवकाच्या उतारवयाची तरतूद करावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सेवेत मृत्यू पावलेल्याच्या बायकामुलांना अन्न व वेतन द्यावे, असे कौटिल्याने सांगितले आहे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्यांच्या मुलांना बालपरवेशी मिळत असे. पण ही सारी धन्याची कृपा होती. जो देतो त्याने ठरवावे आणि जो घेतो त्याने हात जोडावेत, अशीच ती रीत. १८७१ च्या पेन्शन कायद्यानेही पेन्शनच्या दाव्यांना दिवाणी न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच ठेवले होते.

ही कृपा हक्क कशी झाली, आणि हक्क झाल्यावरही तिच्या कारभारात घेणाऱ्याला जागा का मिळाली नाही, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. आपल्या ढोकीतच तिन्ही वाटा एकत्र येतात : रेल्वेचे स्टेशन, जिल्हा परिषदेची शाळा आणि तेरणा साखर कारखाना.

पहिली वाट रेल्वेची. बार्शी लाईट रेल्वे ढोकीवरून १९११ साली लातूरला पोचली. १९५४ साली ती सरकारकडे आली. रेल्वेनोकरांना पूर्वी भविष्यनिर्वाह निधी असे. पेन्शन १९५७ साली सुरू झाली. जे निधी घेऊन घरी गेले होते त्यांनी पुढे पेन्शनची मागणी केली, पण १९९० साली कृष्णकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. निधीची रक्कम हाती पडली की सरकारचे देणे फिटले, असा त्या निकालाचा आशय.

दुसरी वाट शाळामास्तरांची, म्हणजे सरकारी पेन्शनची. १९७९ साली केंद्राने पेन्शनचे सूत्र उदार केले, पण ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वगळले. एका दिवसाच्या फरकाने दोन सारख्या सेवकांत अंतर पडले! या अन्यायाविरुद्ध नकारा नावाचे निवृत्त अधिकारी न्यायालयात गेले. १७ डिसेंबर १९८२ रोजी, यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, घटनापीठाने सांगितले की पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचे फळ आहे. हाच दिवस पुढे पेन्शनर दिन झाला. १९८६ साली केंद्राने पेन्शनरांच्या संस्थांना सल्लामसलतीसाठी एका स्थायी समितीत बोलाविले. पण सल्ला देणे निराळे आणि मत देणे निराळे.

तिसरी वाट कारखान्याच्या कामगाराची. १९५२ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी आला, १९९५ साली त्याला पेन्शन योजना जोडली गेली. मालकाच्या हिश्शातून वेतनाचे ८.३३ टक्के तिच्यात जातात. २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन दरमहा १००० रुपये ठरली. या निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळात कायद्याने मालकांचे १० आणि कामगारांचे १० प्रतिनिधी, शिवाय सरकारांचे प्रतिनिधी ठेवले. निवृत्तांसाठी मात्र वेगळी खुर्ची ठेवली नाही. ज्याचे पोट त्या पैशावर, तोच बैठकीबाहेर!

आता कोणी म्हणेल की निवृत्तांना सत्ता दिली तर ते आजची रक्कम वाढवून घेतील आणि तरुणांसाठी तिजोरी रिकामी ठेवतील. शंका रास्त आहे. पण निवृत्तांच्या हाती सारा कारभार द्यावा, असे म्हणणे नाही. एक जागा द्यावी, एवढेच म्हणणे आहे. कॅलिफोर्नियात सरकारी सेवकांच्या ज्या पेन्शन संस्थेत अनेक नगरपालिकांचे नोकरही येतात, तिच्या १३ जणांच्या मंडळात एक सभासद निवृत्तांनी निवडलेला असतो. इंग्लंडातही १९९५ व २००४ च्या कायद्यांनी खाजगी योजनांच्या विश्वस्तांपैकी निदान एक तृतीयांश सभासदांकडून यावेत आणि त्या निवडीत पेन्शनरांनाही भाग असावा, असे ठरविले. तेरांत एकाने तिजोरी रिकामी होत नाही. मात्र हिशेब विचारणारा एक माणूस खोलीत बसतो.

तात्पर्य, न्यायालयाने पेन्शनला हक्क म्हटले, पण हक्क रोज राखावा लागतो आणि निवृत्ताला दर वेळी न्यायालय गाठणे परवडत नाही. नगरपालिकेचा सफाई सेवक असो, स्टेशनवरचा गँगमन असो की साखर कारखान्यातला कामगार, ज्या निधीवर त्याचे म्हातारपण उभे आहे त्याच्या बैठकीत त्याचा एक माणूस असावा. कृपेचा हक्क झाला. आता हक्काला जागा मिळणे उरले आहे.