दोष की पाठभेद ? : व्हॉल्व्हच्या गिटारवर्धकाचे दोषशोधन

विद्युत् गिटारचा जुना वर्धक दुरुस्तीस घेणाऱ्या कारागिरापुढे पोथी संपादणाऱ्याचाच प्रश्न उभा असतो. हाती आलेल्या वस्तूत मूळचे काय, मागाहून शिरलेले काय, आणि जे चुकीचे भासते ते खरोखरच चुकलेले आहे काय ?

१९५१ साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्याकडे ‘रॉकेट ८८’ हे गीत मुद्रित झाले. गिटारवादक विली किझार्ट यांचा वर्धक वाटेतच बिघडला होता. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ मारून नेली, असे सांगतात. त्यातून निघालेला खरखरीत स्वर फिलिप्स यांनी तसाच ठेवला. पुढे १९६४ मध्ये लंडनच्या ‘किंक्स’ या वाद्यवृंदातील डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या वर्धकाचा स्पीकर पात्याने मुद्दाम चिरला. तेरा वर्षांत अपघाताची रीत झाली.

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांचा ‘बासमन’ वर्धक १९५२ साली बेस गिटारसाठी निघाला. पुढे साध्या गिटारच्या वादकांनीही तो उचलला. जिम मार्शल यांच्या लंडनमधील दुकानात १९६२ साली आकारास आलेला ‘जेटीएम ४५’ ही बासमनच्या उत्तरकालीन आवृत्तीची जवळजवळ हुबेहूब नक्कल होय. परंतु सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घेतले गेले. पहिल्या टप्प्यावर १२एवाय७ ऐवजी अधिक वर्धन करणारा ईसीसी८३ हा व्हॉल्व्ह बसला. १० इंची स्पीकरांची जागा १२ इंचींनी घेतली. (अमेरिकेत ‘ट्यूब’ म्हणतात तिला आपले रेडिओ-दुरुस्तीवाले ‘व्हॉल्व्ह’ म्हणत आले, ते इंग्रजी वळणामुळेच.) या फरकांतून एक स्वतंत्र ध्वनिपरंपरा जन्मली. मार्शलचा वर्धक आज बासमनबरहुकूम ‘शुद्ध’ करू पाहणारा संपादक नव्हे, प्रक्षेपकच ठरेल.

याचा अर्थ खरे दोष नसतातच असा नव्हे. गुंजनाचेच घ्या. अमेरिकेतील वीज सेकंदास ६० आवर्तनांची. गुंजन तितक्याच आवर्तनांचे असेल, तर व्हॉल्व्ह तापविणाऱ्या तारा किंवा भूसंबंध तपासावेत. तोच स्वर वरच्या सप्तकात, म्हणजे १२० आवर्तनांचा, ऐकू आला तर रेक्टिफायरपुढील कंडेन्सर वाळले असण्याचा संभव फार. शिकलेला कान हा भेद उपकरणावाचून सांगतो. दोन टप्पे जोडणारा कंडेन्सर झिरपू लागला, की अंतिम व्हॉल्व्हच्या ग्रिडवरील ऋण दाब घटतो व प्लेट लाल होते. तेव्हा केवळ व्हॉल्व्ह बदलणे ही लक्षणाची चिकित्सा होय, रोगाची नव्हे.

एका बाबतीत मात्र मूळ संहितेचा मान राखू नये. जुन्या अमेरिकन वर्धकांत दोनच तारांची दोरी आणि वीजवाहिनी व धातूची बैठक यांमध्ये एक कंडेन्सर असे. तो निकामी झाला, तर गिटारच्या तारांतही प्रवाह येऊन वादकाच्या जिवावर बेतू शकते. भूसंबंधाची तिसरी तार जोडून तो कंडेन्सर काढावाच. आणि काढणाऱ्याने हेही ध्यानी धरावे की दोरी उपसल्यावरही आतील कंडेन्सरांत ४०० व्होल्टांहून अधिक दाब उरलेला असू शकतो.

काढलेला भाग फेकू नये. तारीख लिहून तो पेटीतच ठेवावा. आवाजाच्या खुंटीमागील पोटेन्शिओमीटरवर बहुधा निर्मात्याचा संकेतांक, वर्ष व आठवडा उमटविलेला असतो. पोथीच्या पुष्पिकेसारखाच तो वाचावा. मात्र त्यावरून वर्धक त्या आठवड्याआधीचा नाही एवढेच सिद्ध होते, कारण सुटे भाग कारखान्यात महिनोन्महिने पडून राहत.