मांडवाखालचा इतिहास



अंगणातल्या मांडवावर दोडका, कारलं, वाल चढायला लागला की आपण रोज सकाळी बघतो, वेल कुठवर पोचला ते. दोऱ्यासारखा तणावा तारेला लागला की तो तिला वेढे घालून घट्ट धरतो. याच वेलीचं मोठं रूप बघायला लोक गाड्या करून आपल्या जालना तालुक्यातल्या कडवंचीला येतात. तिथल्या द्राक्षमांडवाखाली गार सावली असते आणि वर घड लोंबत असतात. आलेला पाहुणा मान वर करून बघतच राहतो. आज त्या मांडवाची गोष्ट सांगते.

मराठवाड्याला द्राक्ष नवं नाही. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली. त्यानंतर काही वर्षांनी इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी तिथं आला. इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, असं त्यानं लिहून ठेवलं. आजही आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ती काडी तयार करायला. ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी होते, ती फळासाठी. दोनदा छाटायचं आणि पीक एकदाच घ्यायचं.

पण कडवंचीचा मांडव काही राजाच्या बागेतून आला नाही. गावची जमीन उताराची आणि हलकी. पाऊस पडायचा, माती घेऊन निघून जायचा. १९९६ साली इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम इथं सुरू झालं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ होती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले. या कार्यक्रमाच्या अटी होत्या: श्रमदान करायचं, झाडं तोडायची नाहीत, मोकाट गुरं सोडायची नाहीत.

या अटींचा भार कुणावर पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. गुरं बांधली की चारा डोक्यावरून आणायचा. कुऱ्हाड बंद झाली की सरपण लांबून आणायचं. दोन्ही कामं बाईचीच.

विहिरींना पाणी टिकलं, शेततळी झाली, मग द्राक्षबागा वाढल्या. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळला, तेव्हा कडवंचीच्या शेतकऱ्यांनी शेततळ्यांच्या पाण्यावर बागा जगवल्या. तेव्हापासून बघायला येणारे आणखी वाढले.

पाहुण्याला पाणी दिसतं, मांडव दिसतो, घड दिसतात. त्या घडामागचे हात दिसत नाहीत. नको असलेली फूट खुडायची, काड्या तारेला बांधायच्या, घडातले मणी विरळ करायचे. मान वर, हात वर, दिवसभर. हे काम बहुतेक बायाच करतात. मणी विरळ केले नाहीत तर घड गच्च होतो, मणी फुगत नाही आणि भाव पडतो. म्हणजे बागेच्या पैशात या हातांचा वाटा आहे. मग सात-बारावर त्यांचं नाव आहे का?

हा प्रश्नही जुना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती'ची चळवळ चालवली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ मध्ये राज्य शासनानंही लक्ष्मी मुक्ती योजना काढली. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज केला की सात-बारावर त्याच्या नावासोबत बायकोचं नाव लागतं. बायकोला अर्ज करून ते मागता येत नाही, नवऱ्याचं मन वळवावं लागतं. म्हणून गटात बोलणं गरजेचं आहे.

तर मैत्रिणींनो, गटाची सहल कडवंचीला जरूर काढा. मांडवाखाली उभं राहा, डोळे भरून बघा, तिथल्या बायांशी बोला. आणि पुढच्या मासिक बैठकीला येताना पासबुकासोबत घरच्या शेताचा सात-बारा उतारा घेऊन या. एकेक उतारा मोठ्यानं वाचू. कुणाकुणाची नावं आहेत, ते सगळ्यांना ऐकू येऊ द्या.