उद्याच्या गोष्टींचे संमेलन

भिवंडीजवळचे अंजूर हे गाव इतिहासाच्या मास्तराला नवे नाही. वसईच्या मोहिमेत अंजूरकर नाईक मंडळींचा, विशेषतः गंगाजी नाईकांचा, केवढा वाटा होता हे आम्ही वर्गात दरसाल सांगत असतो. १७३७ साली साष्टीत मराठ्यांचा पाय पडला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, हे तर शाळेतले पोरगेही सांगेल. मीही त्याच विषयावर बोलायला अंजूरला गेलो होतो. व्याख्यान संपले, चहा झाला, आणि तिथले एक शिक्षक मला हळूच म्हणाले, “सर, काल काय झाले ते आमची पोरे ऐकून घेतात. पण उद्या काय होणार म्हटले की कान टवकारतात. चंद्रावरची गोष्ट सांगा, घंटा झालेली कळत नाही त्यांना. उद्याच्या गोष्टींचाही काही इतिहास असतो का हो?”

असतो. आणि तो मोठा गमतीचा आहे. आज तोच सांगावा असे मनात आहे.

विज्ञानाच्या आधाराने रचलेल्या कल्पित गोष्टींना आपण विज्ञानकथा म्हणतो. या गोष्टी वाचणारे लोक जगभर पूर्वीपासून होते. परंतु तमाशाला किंवा कीर्तनाला जशी चार माणसे एकत्र जमतात तशी ही मंडळी जमत नसत. घरात एकटे बसून वाचायचे आणि फार तर मासिकाच्या संपादकाला पत्र घालायचे, एवढेच. पत्रांतून ओळखी झाल्या आणि ओळखींतून बैठकी. १९३७ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या लीड्स या गिरण्यांच्या गावी अशी एक बैठक भरली. पंधरा-वीस माणसे असतील नसतील. आपल्याकडे भजनी मंडळाला याहून अधिक गर्दी होते! पण त्या खोलीत आर्थर क्लार्क नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा बसला होता. त्याची गोष्ट पुढे येईल.

दोन वर्षांनी, म्हणजे १९३९ च्या जुलैत, अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी मोठे संमेलन झाले. वसई पडली त्याला तेव्हा दोनशे वर्षे झाली होती. हा नुसता योगायोग, पण इतिहासवाल्याला असे आकडे दिसल्यावाचून राहत नाहीत. त्या वर्षी न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याचा विषयच होता ‘उद्याचे जग’. त्याच सुमारास ही मंडळी तीन दिवस जमली. सुमारे दोनशे माणसे आली. भाषणे झाली, लेखक-संपादकांच्या चर्चा झाल्या. मासिकांच्या मुखपृष्ठांवर अवकाशयानांची चित्रे काढणारे फ्रँक पॉल हे सन्मान्य पाहुणे होते. एक तरुण आणि त्याची मैत्रीण भविष्यकाळातला पोशाख शिवून, तो अंगावर घालूनच आली. आपल्या ठाणे-पालघर भागात बोहाड्याला सोंगे निघतात ना, तसेच म्हणा. फक्त देवादिकांच्या ऐवजी पुढच्या शतकातल्या माणसाचे सोंग.

आणि चित्रपटही दाखवला गेला. तो होता ‘मेट्रोपोलिस’, जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा १९२७ सालचा मूकपट. त्यात एक प्रचंड शहर आहे. वर उंच इमारतींत धनिक राहतात आणि खाली जमिनीच्या पोटात मजूर यंत्रांपुढे राबतात. पाळी बदलते तेव्हा खाली माना घातलेली एक रांग आत जाते आणि तशीच एक रांग बाहेर येते. भिवंडीच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. रात्रपाळी संपवून पॉवरलूमच्या शेडमधून बाहेर पडणारा कामगार आणि त्या पडद्यावरचा मजूर यांची चाल एकच. भविष्याची गोष्ट म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा आजचेच असते, फक्त जरा ताणून दाखवलेले.

पण या संमेलनाची मला सगळ्यांत जास्त लक्षात राहिलेली हकीकत दाराशी घडली. चालकांपैकी काहींचे आणि दुसऱ्या एका तरुण गटाचे आधीपासून वाकडे होते. हे लोक आत येऊन पत्रके वाटतील, गोंधळ करतील, या भयाने त्यांच्यातल्या सहा जणांना दारातच अडवले गेले. त्यांत डोनाल्ड वोलहाइम होते, फ्रेडरिक पोल होते. पुढे पोल नामांकित लेखक आणि संपादक झाले आणि वोलहाइम मोठे प्रकाशक. त्याच गटात ऊठबस असलेला आयझॅक अॅसिमोव्ह नावाचा मुलगा मात्र आत जाऊ शकला. बघा, ग्रहांग्रहांमधल्या मैत्रीच्या कथा वाचणारी माणसे, आणि स्वतःच्या शहरातल्या सहा पोरांना एका दिवाणखान्यात बसू देईनात! भाऊबंदकी काही आपल्याच वाट्याला आलेली नाही.

आता मराठीकडे येतो. आपल्याकडे ही आवड उशिरा आली असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकातून विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फ्रेंच लेखक जूल व्हर्न याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे मराठी रूप वाचकांपुढे आले होते. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही १९१५ सालची कथा मराठीतली आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा मानतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. आणि पडद्याचे म्हणाल तर दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी काय केले? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्याची वाढ दिवसामागून दिवस थोडीथोडी टिपली आणि ती सारी काही क्षणांत पडद्यावर दाखवली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती फीत ओळखली जाते. ही कल्पित कथा नव्हे, परंतु शेतकऱ्याने रोज पाहिलेली गोष्ट त्यालाच चमत्कारासारखी दाखवणे, हेच विज्ञानकथेचे मर्म नव्हे काय?

मात्र जमण्याची जागा नव्हती. ती जागा, माझ्या मते, मराठी विज्ञान परिषदेने दिली. ही परिषद २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत स्थापन झाली. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यावे हा तिचा हेतू. तिची वार्षिक अधिवेशने वेगवेगळ्या गावी भरतात आणि तिथे भाषणे, परिसंवाद होतात. न्यूयॉर्कसारखी सोंगे तिथे निघत नाहीत. आपला स्वभावच जरा गंभीर, आणि खरे सांगायचे तर थोडी सोंगे निघाली असती तरी बिघडले नसते. परंतु परिषदेने एक असे काम केले की त्याने मराठी कथेचा एक बंद दरवाजा उघडला. १९७० च्या सुमारास तिने विज्ञानरंजन कथांची स्पर्धा सुरू केली.

१९७४ साली या स्पर्धेला एक कथा आली. नाव ‘कृष्णविवर’, लेखक नारायण विनायक जगताप. कृष्णविवर म्हणजे आकाशातली अशी जागा की जिच्या ओढीतून प्रकाशसुद्धा सुटत नाही. कथेला पहिले बक्षीस मिळाले. आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर! नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी करून घेतली होती. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात करून घेतली होती. आणि ही कथा लिहायला घेतली कुठे? अहमदाबादच्या एका परिषदेत, एक कंटाळवाणे भाषण चालू असताना. आम्हां प्राध्यापकांनी ही गोष्ट जरा मनावर घ्यावी.

हे नाव लपवणे मला फार मोलाचे वाटते. नारळीकरांचे नाव वाचून परीक्षकांनी बक्षीस दिले असते तर ते नावाला दिले असे लोक म्हणाले असते. जगतापांना मात्र कोणी ओळखत नव्हते. अंजूरच्या एखाद्या शिक्षकाने त्या वर्षी कथा पाठवली असती तर तिला जो न्याय मिळाला असता तोच केंब्रिजहून आलेल्या पंडिताच्या कथेला मिळाला. न्यूयॉर्कच्या दारात माणसे ओळखून अडवली गेली. इथे माणूस न ओळखता आत घेतला गेला.

तरीसुद्धा विज्ञानकथा हे साहित्य आहे काय, असा प्रश्न विचारणारे होतेच. मी विद्यार्थी असताना अशी एक कथा लिहून वडीलधाऱ्या जाणकारांना दाखवली, तेव्हा “यंत्रे बरी आहेत, माणसे कुठे आहेत?” असे म्हणून त्यांनी ती परत केली. त्या वेळी राग आला. कथा खरोखरच वाईट होती, हे आता कळते. पण त्यांचा रोख माझ्या कथेवर नव्हता, सगळ्या प्रकारावर होता. दुर्गाबाई भागवतांचे मन मात्र मोठे. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी नारळीकरांच्या या नव्या लेखनाची कौतुकाने दखल घेतली. १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा नारळीकरांचा कथासंग्रह आला. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी लिहिणाऱ्यांची फळी उभी राहिली. १९९३ साली फोंडक्यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टसाठी संपादित केला. आणि २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आले नाही. जगतापांच्या नावाने मागच्या दाराने आलेल्या माणसाला पुढच्या दारी पायघड्या पडायला सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि तेव्हा त्याचे पाय थकले होते. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात निवर्तले.

लीड्सच्या खोलीतल्या मुलाचे सांगायचे राहिलेच. १९४५ साली आर्थर क्लार्कने एका तांत्रिक मासिकात लेख लिहिला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर यंत्र ठेवले तर ते पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून फिरेल, खालून पाहणाऱ्याला एका जागी टांगल्यासारखे दिसेल, आणि अशा तीन यंत्रांवरून साऱ्या जगाला संदेश पोचवता येतील, असे त्यात मांडले होते. तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता. बरोबर तीस वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अशाच एका अमेरिकन उपग्रहावरून आपल्या देशातल्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम थेट दिसू लागले. ज्या खेड्यात धड रस्ता नव्हता तिथे चावडीपुढे दूरदर्शनचा संच आला. आपल्या शास्त्रज्ञांनी तसलाच एक संच कोलंबोला क्लार्क यांच्या घरीही बसवून दिला. पंधरा-वीस जणांच्या बैठकीत बसलेल्या पोराची कल्पना होती ती!

अंजूरच्या त्या शिक्षकांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “ऐकायला छान आहे, पण पोरांना हाताला काय देऊ?” तेव्हा मला नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा आठवली. तिचा सगळा डोलारा कागदाच्या एका पट्टीवर उभा आहे. शिक्षकबंधूंनी हे अवश्य करून पाहावे. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापा. दोन्ही टोके जुळवून नुसती चिकटवली तर बांगडी होते. तसे न करता एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि मग चिकटवा. आता मधोमध पेन्सिलीने रेघ ओढत चला. हात न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून निघाल्या ठिकाणी परत येते, कारण या पट्टीला दोन बाजू नाहीतच, एकच आहे. अशा पट्टीवर डाव्या हाताचे चित्र सरकवत एक फेरी पुरी केली तर ते परत येताना उजव्या हाताचे होऊन येते. अवकाशालाच असा पीळ असेल तर त्यातून फेरी मारून आलेल्या माणसाचे काय होईल, इथून कथा सुरू होते.

आम्ही चहाच्या टेबलावरच डिंक आणि जुना पेपर घेऊन बसलो. पाचवी-सहावीची सात-आठ मुले भोवती जमली. सगळ्यांच्या रेघा जुळल्यावर एका मुलीने कात्री मागितली आणि त्या रेघेवरूनच पट्टी मधोमध कापली. दोन कड्या निघतील अशी तिची पैज होती. एकच निघाली, दुप्पट लांब. मग तिने तीही कापायला घेतली.