खड्डा सगळ्यांना सारखाच : रोहयो, दिव्यांग आणि तळेघर

आजचा भाग एका मापाबद्दल आहे. किती माती खणली म्हणजे किती मजुरी, हे सांगणारं माप. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात. पण गावात कुणाला काम मिळालं आणि कोण घरी बसलं, हे अशाच मापांनी ठरलंय.

मोबाईलवर नकाशा उघडा आणि तळेघर शोधा. मंचर, घोडेगाव, पुढे डिंभे धरण, आणि मग भीमाशंकरकडे चढत जाणारा रस्ता. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिमेकडचा आदिवासी पट्टा. पावसाळ्यात भाताची आवणी, उन्हाळ्यात हिरडा आणि उरलेल्या महिन्यांत मिळेल ती मजुरी. चिखलात वाकायचं, झाडावर चढायचं, माती उचलायची. म्हणजे सगळी कमाई अंगमेहनतीची. मग ज्याचा एक पाय अधू आहे किंवा जिला दिसत नाही, त्यांनी कमवायचं कसं?

आता १९७७ सालात जाऊ. त्या एकाच वर्षी दोन दारं उघडली. दिल्लीत केंद्र सरकारने क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखल्या. आणि इकडे महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांची ही कल्पना, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कसाला लागलेली. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अंमलात आला. मागेल त्याला काम! देशाला पुढे २००५ मध्ये जे सुचलं, ते आपण आधीच केलं होतं. याचा मला अभिमान वाटतो.

पण कायदा नीट वाचा. काम कसलं? अकुशल, अंगमेहनतीचं. मजुरी कशी? केलेल्या कामाच्या मापाने. धडधाकट माणसाला आणि काठी घेऊन चालणाऱ्याला खड्डा सारखाच. काम मागायला कुणी मना केलं नव्हतं, पण दिवसभर राबून हातात अर्धीच मजुरी येणार असेल, तर दुसऱ्या दिवशी कोण जाईल? दार उघडं होतं, उंबरा मात्र कमरेएवढा. आणि दिल्लीचं दार? त्यासाठी शाळा हवी, दाखला हवा, नोकरीच्या गावी राहण्याची सोय हवी.

मग १९८० मध्ये राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिने अनेक घरांची चूल पेटती ठेवली, हे आधी मान्य करू. पण ती मिळायला उत्पन्नाची मर्यादा असते. म्हणजे थोडी कमाई वाढली, की अनुदान जाण्याची भीती. एक योजना म्हणते, पूर्ण खड्डा खण. दुसरी म्हणते, फार कमवू नकोस. मधल्या माणसाचं काय? जो अर्धा खड्डा खणू शकतो, पण हिशोब मात्र पक्का ठेवतो, त्याचं काय?

या प्रश्नाचं उत्तर कागदावर यायला बराच काळ गेला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने ३ टक्के आरक्षणाला कायद्याचा आधार दिला, पण तोही मुख्यतः सरकारी नोकरीपुरता. गावातल्या मजुरीचा विचार २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमीनंतर झाला. कामावर पाणी देणं, मजुरांची मुलं सांभाळणं, रोपं लावणं अशी कामं दिव्यांगांना द्यावीत आणि मजुरी इतरांएवढीच द्यावी, असं मार्गदर्शक सूचनांत आलं. पुढे त्या कायद्याच्या अनुसूचीत दिव्यांग, वृद्ध आणि स्त्रियांसाठी वेगळं दरपत्रक करण्याची तरतूद आली. थोडक्यात, माप बदला! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, नोकरीतलं आरक्षण ४ टक्के केलं आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के वाटा ठेवला.

मला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट दिसते. तळेघरच्या माणसाला अडवणारा फक्त त्याचा पाय नव्हता. धडधाकट शरीर गृहीत धरून आखलेलं कामही त्याला अडवत होतं. हिरड्याचंच बघा ना. झाडावर एकजण चढतो, पण वाळवणं, निवडणं, वजन करणं, हिशोब लिहिणं ही कामं बसून होतात. काम तेच, फक्त वाटणी वेगळी.

जाता जाता एक कामाची गोष्ट. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पुढच्या ग्रामसभेत हात वर करा आणि विचारा, यंदा ते कशावर गेले? त्यातून कुणाच्या हाताला काम मिळालं का? उत्तर मिळालं तर आम्हालाही कळवा.

भेटू पुढच्या भागात!